चहाला येणारा मातीचा वास

परवा संध्याकाळी माहेरच्या गावातून फोन आला. पलीकडं आमच्या गावचा नवा वॉटरमन, पोरगा जेमतेम पंचवीसचा. "आक्का, पाण्याला परत वास सुटलाय. लोकं मला खायला उठल्यात. टाकी दोनदा धुतली, ब्लीचिंग वाढवलं, तरी जाईना झालंय. काय करू सांगा." ऐकून माझ्या पोटात कालवलं. हीच वाक्यं, अगदी ह्याच क्रमानं, मी आमच्या आप्पांच्या तोंडून ऐकली होती. म्हणून आज सगळं सविस्तर लिहायला बसले. त्या पोराला पाठवायचं आहेच, पण वेदगंगा-दूधगंगेच्या काठावर ज्या ज्या घरात मार्च-एप्रिलला चहाला मातीचा वास येतो, त्या प्रत्येक घरात हे वाचलं जावं असं मला मनापासून वाटतं.

आमचं गाव कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. पाटगावच्या धरणातून सुटलेलं पाणी भुदरगड, मुरगूड करत खाली येतं, यमगर्णीला हायवेच्या पुलाखालून जातं आणि मग जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ अशी दोन्ही काठांवर समोरासमोर बसलेली गावं लागतात. त्या जोड्यांच्या मधे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळ्यात हे बंधारे पाण्याखाली जातात, वाहतूक बंद, आणि पाऊस ओसरला की बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांत बसवायच्या फळ्या, घालून पाणी अडवतात. बरगे घातले की नदी वाहायची थांबते. वरून आवर्तन, म्हणजे धरणाचं पाळीचं पाणी, सुटलं की तेवढ्यापुरती हलते, पुन्हा उभी राहते. आमच्या ऊसाला ते पाणी लागतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उभं पाणी आणि वाहतं पाणी ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नदी तीच दिसली तरी आत राहणारे जीव बदलतात.

आप्पा गावचे वॉटरमन होते, सत्तावीस वर्षं. थ्री फेजची लाईट कधी मध्यरात्री यायची, कधी पहाटे तीनला. आली की बॅटरी घेऊन नदीकाठच्या जॅकवेलकडं, म्हणजे नदीचं पाणी ओढायच्या विहिरीकडं, निघायचे. मोटर सुरू करायची, टाकी भरेपर्यंत थांबायचं, मग गल्लीवार व्हॉल्व्ह सोडायचे. २०१९च्या पुरात जॅकवेलच्या वरची खोली पाण्यात गेली तेव्हा मोटर खोलून ट्रॅक्टरवर घालून आणायला तेच पुढं होते. पण मला त्यांची आठवते ती सवय वेगळीच. टाकीत पडणारं पहिलं पाणी ते ओंजळीत धरायचे आणि नाकाजवळ न्यायचे. तोंडात नंतर. पाण्याच्या वासाला त्यांच्याकडं चार-पाच नावं होती. मातकट म्हणजे ओल्या ढेकळासारखा. कुबट म्हणजे पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीसारखा. सडका म्हणजे कुजलेल्या अंड्यासारखा, हा तळाचा गाळ ढवळला की यायचा. आंबूस-गोडसर म्हणजे वर कुठंतरी साखर कारखान्याची मळी सुटली. एवढा नेमका भेद आमच्या कॉलेजच्या लॅबमध्येही कुणी शब्दात करत नाही.

पाच वर्षांपूर्वी आमच्या गावची म्हाई, म्हणजे जत्रा, एप्रिलमध्ये होती. घराघरात पै-पाहुणे. आणि नेमका म्हाईच्या आदल्या दिवशी नळाला मातकट वास सुटला. आमच्या आत्तीनं पहिल्यांदा सांगितलं, चहाला माती लागतीय म्हणून. चहातच तो आधी कळतो, कारण पाणी तापलं की वास वाफेबरोबर उडून थेट नाकात जातो. दुपारपर्यंत दारात माणसं. "आप्पा, टाकी कवा धुतलासा?" "औषध जास्ती टाकलासा काय?" एकानं तर टाकीत काहीतरी मरून पडलंय अशी आवई उठवली. साठीला आलेले आप्पा भर उन्हात लोखंडी शिडीनं टाकीवर चढले, सगळं पाणी सोडून दिलं, खराट्यानं आतून घासून काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास. मग त्यांनी ब्लीचिंग वाढवलं. वास दुप्पट झाला, मातीचा आणि औषधाचा मिळून. पुढच्या बैठकीत त्यांचा एक महिन्याचा पगार अडवायचं ठरलं.

त्या पैशांचं मला आज काही वाटत नाही. पण सत्तावीस वर्षांत ज्या माणसानं एकदा टाकी चुकवली नाही त्याला निष्काळजी ठरवलं गेलं, ते मला अजून खुपतं. आणि तेव्हा मीसुद्धा त्यांना विचारलं होतं, "आप्पा, खरंच नीट धुतलासा ना?" ते काही बोलले नाहीत. जेवले नाहीत त्या रात्री.

मी निपाणीत एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. म्हाई झाल्यावर परत येताना बंधाऱ्याच्या वरच्या अंगाचं पाणी बाटलीत भरून आणलं. थेंबभर पाणी काचपट्टीवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि बराच वेळ बघत राहिले. हिरवट निळ्या मण्यांच्या माळा. आईच्या बोरमाळेसारखे एकाला एक लागून गोल मणी, आणि मधेच एखादा मणी मोठा, फिकट, जाड कडांचा. ॲनाबिना म्हणतात ह्याला. नील-हरित शेवाळ म्हटलं जातं, पण खरं तर ते जीवाणू आहेत, झाडासारखे सूर्यप्रकाशावर जगणारे. तो मोठा फिकट मणी हवेतला नत्र ओढून घेतो. शेतकऱ्यांना हे कुटुंब परकं नाही. जनावरांसाठी ताडपत्रीच्या खड्ड्यात जो ॲझोला वाढवतात, त्याच्या पानाच्या पोकळीत हाच ॲनाबिना राहतो, आणि भातशेतीला नत्र मिळावं म्हणून नील-हरित शेवाळ मुद्दाम सोडतात. शेतात उपकारी असलेला जीव नदीत थांबलेल्या पाण्यात बेसुमार वाढला की त्याचा त्रास होतो, एवढंच.

मातीचा वास ह्याच मण्यांतून येतो. त्या द्रव्याचं नाव जिओस्मिन. १९६५ साली ते वेगळं काढलं गेलं तेव्हा ग्रीक भाषेतल्या 'माती' आणि 'वास' ह्या शब्दांवरून हे नाव दिलं. मातीतले काही जीवाणूही ते तयार करतात. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर ज्या सुगंधानं आपण दारात येऊन उभे राहतो, त्यात हेच असतं. बीटाला जो मातीचा वास असतो तोही ह्याचाच. जूनमध्ये हवाहवासा वाटणारा वास एप्रिलमध्ये तांब्यात आला की नकोसा होतो.

ह्यात मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट म्हणजे आपलं नाक. लिटरमागे साधारण १० नॅनोग्रॅम जिओस्मिन असलं तरी बहुतेकांना वास कळतो. हे आप्पांना कसं सांगावं म्हणून मी हिशेब केला. आमची टाकी एक लाख लिटरची. अशा एक हजार टाक्या शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम जिओस्मिन टाकलं, म्हणजे चिमूटभर मिठापेक्षा फार जास्त नाही, तर हजारही टाक्यांना वास येईल. आप्पा ऐकून गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे मी खराट्यानं काय घासत हुतो?"

टाकी घासून हा वास जात नाही, कारण तो टाकीत तयारच होत नाही. तुरटीनं गढूळपणा बसतो, वास बसत नाही. वाळूच्या गाळणीतूनही तो तसाच पलीकडं जातो. आणि ब्लीचिंग? क्लोरिननं त्या मण्यांची सालं फुटतात आणि आत कोंडलेला वास पाण्यात मोकळा होतो. म्हाईच्या दुसऱ्या दिवशी वास का वाढला ते मला असं कळलं. ब्लीचिंग आवश्यकच आहे, ते रोगजंतूंसाठी, ते कधीही बंद करायचं नाही. पण वास मारण्यासाठी म्हणून त्याचं प्रमाण वाढवत नेणं म्हणजे आजार एक आणि औषध दुसरंच.

हा वास काढतो तो कोळसा, तोही खास तयार केलेला, सक्रिय कोळसा. गावात 'शुद्ध कुडियुव नीरिन घटक', म्हणजे पिण्याच्या शुद्ध पाण्याचं केंद्र, असं कन्नडमध्ये लिहिलेली जी खोली असते, नाणं टाकलं की कॅन भरून मिळतो, तिथल्या पाण्याला हा वास का नसतो? आत कोळशाचा एक थर असतो म्हणून. हा थर वेळेवर बदलला नाही तर तिथंही वास येऊ लागतो, तेव्हा कधी बदलला ते विचारायचा हक्क आपल्याला आहे. आमची आज्जी तीन घागरींची उतरंड लावायची, मधल्या घागरीत वाळू आणि बाभळीचा कोळसा. साध्या कोळशात तेवढी ताकद नसते, पण वास थोडा मऊ होतो. उकळल्यावरही पाणी उघडं ठेवून निववलं तर थोडा उडून जातो.

इथं मला आईचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय राहवत नाही. उन्हाळ्यात नदीचा मासा आणला की ती तो चिंचेच्या कोळात तासभर ठेवते. "चिखुल लागतोय गं त्याला," म्हणते. ह्या दिवसांत माशाच्या मांसातही जिओस्मिन साठतं, आणि आंबट पदार्थात ते मोडतं. चिंच, आमसूल, लिंबू, काहीही चालतं. आईला हे तिच्या सासूनं सांगितलं होतं, तिच्या सासूला आणखी कुणी. मी आईला रसायनशास्त्रातलं कारण सांगितलं तर ती म्हणाली, "मग आमी काय उगंच घालत हुतो व्हय चिंच!"

जिओस्मिन स्वतः पाण्यात असतं तेवढ्या प्रमाणात बाधत नाही. वास आला म्हणून माणूस आजारी पडत नाही. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका, कारण पुढचं जास्त महत्त्वाचं आहे.

ॲनाबिनाच्या शेजारी, त्याच उभ्या पाण्यात, मायक्रोसिस्टिस नावाचा दुसरा एक जीव वाढतो. त्याला मातीचा वास नाही. त्याच्या पेशीत हवेचे बारीक फुगे असतात, त्यामुळं वारा पडलेल्या सकाळी तो वर तरंगून येतो आणि काठाला हिरवी साय धरते. डब्यातला ऑइल पेंट सांडावा तशी. वारा ज्या दिशेला वाहतो त्या काठाला ती जाऊन साठते. ह्यातल्या काही जाती विष तयार करतात, यकृतावर परिणाम करणारं. पिण्याच्या पाण्यात त्याचं प्रमाण लिटरला १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे विष उकळून जात नाही. उलट उकळताना पेशी फुटून ते पाण्यात उतरतं. ऑस्ट्रेलियात एका सरोवराचं असं हिरवं पाणी पिऊन गुरं-मेंढरं मेल्याची शास्त्रीय नोंद १८७८ सालची आहे. म्हणजे ही गोष्ट नवी नाही, आपल्यापर्यंत पोचली नाही इतकंच. म्हणून हात जोडून सांगते, काठाला हिरवी साय दिसली तर म्हशी त्या जागी पाण्यात सोडू नका, पोरांना पोहायला जाऊ देऊ नका. आणि कुणी मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकून शेवाळ मारायचं सुचवलं तर आधी थांबवा. मेलेल्या पेशींतलं सगळं विष एकदम पाण्यात येतं, आणि ते पाणी त्याच दिवशी आपण ओढतो.

हिरवं दिसतं ते सगळं वाईट नसतं. दगडाला धरलेलं, तारांसारखं शेवाळ वेगळं. काठी घालून उचलली तर ते काठीला केसांसारखं लोंबतं. साय असेल तर काठी रंगात बुडवल्यासारखी माखून निघते. घरी बघायचं तर हातात पिशवी घालून काचेची बरणी पाऊण भरायची, झाकण लावून रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवायची. सकाळी हिरवं तळाला बसलं तर साधं शेवाळ असण्याची शक्यता जास्त, वर गोळा होऊन हिरवं कडं धरलं तर सावध व्हायचं. ह्यानं विष आहे की नाही ते कळत नाही, ते प्रयोगशाळेतच कळतं. पण नमुना तपासायला पाठवायचा की नाही एवढं ठरवायला बरणी पुरते. बरणीवर 'पिऊ नये' असं लिहून ठेवा, आमच्या घरात आईनं ती जवळजवळ कालवणाला घेतली होती.

शेजारच्या कन्नड वाड्यातल्या आज्जी नदी बघून "पाची कट्टैती" म्हणतात, शेवाळ धरलंय. आम्ही मराठीत म्हणतो, त्या कन्नडमध्ये म्हणतात, पाणी एकच पितो. पाण्याच्या स्वच्छतेचं एक कन्नड पत्रक आप्पांच्या खिशात महिनाभर घडी घालून होतं. बोलायला त्यांना कन्नड उत्तम येतं, वाचायला येत नाही. मी शाळेत कन्नड शिकले म्हणून त्यांना वाचून दाखवलं. नळाचं पाणी सोडणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत चार ओळी लिहून द्याव्यात, एवढी माझी विनंती आहे.

आता हे शेवाळ एवढं का वाढतं? उभं पाणी, ऊन, आणि खायला भरपूर. खाणं म्हणजे मुख्यतः स्फुरद (फॉस्फरस). १९७३ साली कॅनडात एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून त्याचे दोन भाग केले होते. एका बाजूला कार्बन आणि नत्र घातलं, दुसऱ्या बाजूला तेच घालून वर स्फुरद. स्फुरदाची बाजू हिरवीगार झाली. आप्पांना मी म्हटलं, ओढ्याला मधे ताडपत्री लावली असं समजा. त्यांना पटकन कळलं. आपल्याकडं डीएपी खताच्या पोत्यावर अठरा-शेचाळीस लिहिलेलं असतं, त्यातला शेचाळीस हा स्फुरदाचा आकडा. लागणीला पोतं टाकायचं आणि वर पाटानं भरभरून पाणी सोडायचं, म्हणजे मातीबरोबर काही भाग ओघळीनं नदीला जाणारच. त्यात गावोगावच्या गटारी, घाटावरचं धुणं, वरच्या अंगानं येणारं सांडपाणी. नुसतं साखर कारखान्यांकडं बोट दाखवून आपल्याला सुटता येणार नाही. मळी सुटते तेव्हा मासे मरून काठाला लागतात, ते सगळ्या गावाला दिसतं आणि त्यावर ओरड होते, व्हायलाच पाहिजे. पण माझ्या माहेरच्या दोन एकरांतून गेलेलं खत कुणाला दिसत नाही.

पहाटे कधी बंधाऱ्यावर जाऊन बघा. एप्रिलमध्ये मासे तोंड वर काढून घुटके घेत असतात. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो घेतं, आणि उजाडायच्या वेळी पाण्यात सगळ्यात कमी उरलेला असतो. आप्पा म्हणायचे, मासं पहाटे वर आलं की चार-आठ दिवसांत वास येणार. माझ्या पुस्तकात हे कारणासकट दिलंय, त्यांनी ते नुसतं बघून ओळखलं होतं.

आणि एक गोष्ट त्यांनी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी करून बघितली. आमच्या जॅकवेलला नदीच्या बाजूनं दोन तोंडं आहेत, एक वर, एक खाली. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा वरचं तोंड बरोब्बर पृष्ठभागाजवळ येतं, म्हणजे सगळी साय तिथून आत. आप्पांनी वाळू भरलेली दोन पोती सुतळीनं बांधून त्या तोंडाला लावली आणि फक्त खालून पाणी घेतलं. मोटरही सकाळच्या निवांत वेळेऐवजी दुपारी वारा सुटल्यावर चालवायला लागले, लाईट असेल तेव्हा. वास पूर्ण गेला नाही. पण त्या वर्षी दारात कुणी आलं नाही.

हे मी परवा फोनवर त्या पोराला सांगितलं. ब्लीचिंग नेहमीच्या मापावर आण, क्लोरिन रोज तपास, काठाची साय बघ, नमुना तपासणीला दे आणि लोकांना टाकी धुतल्याची तारीख फळ्यावर लिहून दाखव. पोत्यांचं मात्र त्याला नीट उमजेना. कुठल्या तोंडाला, किती खोल, बांधायचं कशाला. मी आप्पांना फोन दिला. दोघं अर्धा तास बोलले.

उद्या आप्पा त्याच्याबरोबर जॅकवेलवर जाणार आहेत. पाण्यात उतरायचं नाही असं मी बजावलंय, काठावर बसून सांगायचं. आई म्हणाली, सुतळीचा गुंडा त्यांनी आजच काढून दाराशी ठेवलाय.